आधी थंड करा, मग गाडीत टाका : तेंदूपत्त्याच्या हंगामातली एक उष्माघाताची केस

मे महिन्याचा शेवटचा आठवडा, नवतपा (उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस) लागलेला, चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्वेकडचं तीस खाटांचं ग्रामीण रुग्णालय. दुपारी ३.२० ला एक पिकअप कॅज्युअल्टीच्या दाराशी येऊन लागली आणि मागच्या डाल्यातून चौघांनी एका माणसाला उचलून आत आणलं. पुरुष, वय ५२ (ओळख पटू नये म्हणून वय आणि एकदोन गोष्टी बदलल्यात), काम तेंदूपत्त्याच्या फळीवर. सोबत बायको, मोठा मुलगा आणि फळीवरचे तिघंचौघं. सगळ्यांचं एकच म्हणणं, जास्त झाली याला, सकाळीच मोहाची घेतली होती. आणि वास येत होताच, खोटं नव्हतं.

ज्यांनी फळी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पानं तोडायला लोकं पहाटे जंगलात जातात आणि ऊन चढायच्या आत परत येतात, म्हणून बऱ्याच जणांना वाटतं की हे काम सकाळीच संपतं. पण पुडके (पानांच्या बांधलेल्या जुड्या) वाळवायला ऊनच लागतं ना, म्हणून फळी असते उघड्या मैदानात, झाड नाही, सावली नाही, पुडके ओळीने मांडलेले, ते उलटवायचे, वाळलेले गोण्यात भरायचे, आणि हे सगळं भर दुपारी वाकून. हा माणूस बारा वाजल्यापासून पुडके उलटवत होता. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, कमरेला पाण्याची बाटली, म्हणजे आपल्याकडे उन्हासाठी जे काही करतात ते सगळं त्यानं केलं होतं. दोनच्या सुमारास मुकादमाला उगाच शिव्या द्यायला लागला, नाव विचारलं तर भलतंच सांगू लागला, मग झोकांड्या खात मैदानाच्या कडेला गेला आणि पडला. लोकांनी उचलून झाडाखाली निजवलं, उतरली की उठेल म्हणून. अर्धा तास झाला तरी उठेना तेव्हा गावातल्या डॉक्टरकडे नेलं, तिथे अंग तापलंय म्हणून कमरेत तापाचं इंजेक्शन मारून पुढे पाठवलं. ते इंजेक्शन लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

आल्या आल्या जे दिसलं ते असं. डोळे दुखवल्यावरच उघडायचा, तोंडातून नुसते आवाज, दुखवलं की हात त्या जागी जायचा, म्हणजे जीसीएस ९ (शुद्ध मोजायची फूटपट्टी, पूर्ण शुद्धीत १५). पल्स १२४, बीपी ८८/५०, श्वास ३४, ऑक्सिजन ९४ टक्के. बाहुल्या दोन्ही बाजूला सारख्या आणि टॉर्च मारली की लहान होणाऱ्या. मान कडक नाही. आणि अंग घामानं थबथबलेलं, शर्टावर मिठाचे पांढरे पट्टे.

घाम पाहून आमच्या सिस्टर म्हणाल्या, सर घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही ना? ही शंका त्यांची एकटीची नाही, जुन्या पुस्तकांतून आपण सगळेच पाठ करून आलोय की उष्माघातात कातडी कोरडी आणि गरम असते. ते म्हाताऱ्या माणसांचं खरं, जे दोनतीन दिवस पत्र्याच्या खोलीत पडून असतात आणि हळूहळू कोरडे पडत जातात. कष्टाचं काम करता करता जो पडतो त्याला घाम असू शकतो, भरपूर असू शकतो. घामावरून उष्माघात नाकारायचा नाही. बघायच्या गोष्टी दोनच, शरीराच्या आतलं तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर आहे का आणि मेंदू बिघडलाय का. दोन्ही असेल तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत उष्माघात समजायचं आणि कामाला लागायचं.

आता आतलं तापमान मोजायचं कशानं, इथे निम्म्या केसेस हुकतात. काखेतलं थर्मामीटर ३९.८ दाखवत होतं. काख ओली, बीपी पडलेलं, कातडीला रक्त कमी, काखेचा आकडा खोटाच येणार. तेवढ्यावर थांबलो असतो तर हा "ताप आणि दारू" म्हणून सलाईनवर पडून राहिला असता. मॉनिटरसोबत तापमानाचा प्रोब येतो, जवळपास प्रत्येक मॉनिटरसोबत येतो, आणि जवळपास प्रत्येक ठिकाणी तो ड्रॉवरमध्ये कंपनीच्या प्लास्टिकमध्येच पडलेला असतो. आमचाही तसाच होता. पिशवी फाडली, ग्लोव्हचं एक बोट कापून त्यावर चढवलं, जेली लावून गुदद्वारातून साधारण दहा सेंटीमीटर आत सरकवला आणि चिकटपट्टीनं मांडीला पक्का केला. ३.२६ ला आकडा आला ४१.९. काचेचं जुनं थर्मामीटर ४२ ला संपतं, म्हणजे पारा टोकाला जाऊन बसला असता आणि पुढे किती ते कळलंच नसतं.

हे होईस्तोवर बाकीचे हात रिकामे नव्हते. कपडे कात्रीनं उभे फाडून काढले (तेव्हा खिशातला कांदा घरंगळत सक्शन मशीनखाली गेला, तो संध्याकाळी झाडताना सापडला), तोंडावर ऑक्सिजन, दोन्ही हातांना मोठ्या सुया, अंगावर ओली चादर, वर पंखा. शुगर निघाली ५८, २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली शिरेतून दिलं, शुगर चढली पण शुद्ध आली नाही. मलेरियाची रॅपिड टेस्ट निगेटिव्ह. आमच्या पट्ट्यात बेशुद्ध आणि तापलेला माणूस आला की मेंदूचा मलेरिया डोक्यात ठेवावाच लागतो, मग ऊन कितीही असो. बाहुल्या टाचणीएवढ्या बारीक नाहीत, लाळ गळत नाही, म्हणून फवारणीच्या औषधाची विषबाधा ही शंका बाजूला ठेवली. दारूचं काय? दारू होती. पण दारू माणसाला ४१.९ पर्यंत नेत नाही. दारूनं डोकं चालत नाही म्हणून माणूस सावलीत जायचं विसरतो, लघवी जास्त होऊन पाणी कमी होतं, म्हणजे दारू आहे म्हणून उष्माघाताची शंका वाढायला पाहिजे, आणि आपल्याकडे नेमकं उलटं होतं.

मुलाला औषधांचं विचारलं तर तो म्हणाला, "बीपीची गोळी चालू आहे जी, रोज सकाळी." मोबाइलमध्ये पाकिटाचा फोटो होता. एटेनोलॉल आणि त्यात पाण्याची गोळी, हायड्रोक्लोरोथायझाइड. एकीकडे पाणी बाहेर काढणारी, दुसरीकडे हृदयाला वेग वाढवू न देणारी. शरीर स्वतःला थंड करतं ते कातडीकडे भरमसाठ रक्त ढकलून, त्यासाठी हृदयाला पळावं लागतं आणि रक्तनळीत पाणी लागतं, या माणसाचे दोन्ही पाय आधीच बांधलेले होते. पल्स १२४ च का, १५० का नाही, हे पण त्यातच आलं.

आता मुद्द्याचं. ग्रामीण रुग्णालयात असा पेशंट आला की सगळ्यांच्या हाताला एकच सवय, रेफर लिहा आणि १०८ बोलवा. १०८ ला फोन मीही सव्वातीननंतर लगेच लावायला सांगितला होता, ते बरोबरच आहे. पण चंद्रपूर आमच्यापासून दोन तासांच्या वाटेवर, रस्त्याचं काम चालू. ४१.९ चा माणूस त्या गाडीत निजवून पाठवला तर दोन तास तो ४१ च्याच आसपास राहणार, मेंदू, लिव्हर, किडनी, स्नायू त्या तापमानात शिजत राहणार. नुकसान किती होणार हे बऱ्याच अंशी यावर ठरतं की साडेचाळीसच्या वर माणूस किती वेळ राहिला. वरच्या दवाखान्यात व्हेंटिलेटर आहे, डायलिसिस आहे, सगळं आहे, पण ते सगळं झालेलं नुकसान सांभाळायला. नुकसान थांबवायचं औषध म्हणजे गार पाणी, ते आमच्याकडेही होतं. म्हणून ठरवलं, ३९ च्या खाली आणल्याशिवाय गाडी हलणार नाही.

आमच्याकडे दर उन्हाळ्यात कोल्ड वॉर्ड उघडतात, म्हणजे एका खोलीला पाटी लावतात, दोन खाटा, एक कूलर आणि ओआरएसचं खोकं. कूलर वाईट नाही बरं का. विदर्भाच्या मेच्या कोरड्या हवेत ओलं अंग आणि वारा हा चांगला उपाय आहे, पाणी भराभर उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. मक्केत हजला येणाऱ्या लोकांसाठी १९८० च्या आसपास याच तत्त्वावर थंड करायची खास सोय केली होती, अंगावर पाण्याचा बारीक फवारा आणि वरून चक्क कोमट वारा, कारण कल्पना अशी की एकदम गार झोत मारला तर कातडीच्या रक्तनळ्या आवळतात आणि आतली उष्णता आतच अडकते. म्हाताऱ्या, हृदयाच्या पेशंटला मी आजही हेच करतो. जूनमध्ये पहिल्या सरी येऊन गेल्या की मात्र हा उपाय लुळा पडतो, हवेतच ओल, पाणी उडणार कुठे. पण या पेशंटमध्ये आठ मिनिटं ओली चादर आणि पंखा करून आकडा ४१.९ वरून ४१.७ वर आला होता. या वेगानं संध्याकाळ झाली असती. वर लाईट जाऊन येऊन होती.

नळ्या आवळल्या तरी सगळ्यात जोरात थंड होतं ते बर्फाच्या पाण्यात बुडवल्यावर. टब आमच्याकडे नाही. पण पिकअपच्या डाल्यात ताडपत्री होती, गोण्या झाकायची, मोठी, जाड. ती आणायला सांगितली. आमचे वॉर्डातले मामा, वीसेक वर्षांची नोकरी झालेला माणूस, त्यांना एकदा सांगितल्यावर परत सांगावं लागलं नाही. ते बाहेर ओरडत गेले, "बोरचं आणा रे, टाकीचं नोका आणू, टाकीचं हात पोळते!" खरंच, मेमध्ये दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी अंगावर घेववत नाही, ते ओतलं असतं तर आपणच त्याला शेकलं असतं. बोअरचं पाणी साधारण सत्तावीस-अठ्ठावीसचं, ते चाललं.

बर्फाचं काय? सिस्टरांना म्हटलं लसीच्या डीप फ्रीजरमधले आइसपॅक काढा. तिथे थोडी ओढाताण झाली. कोल्ड चेन बघणाऱ्या सिस्टर म्हणाल्या, "सर, उद्या चार गावांचं लसीकरणाचं सेशन आहे, पॅक परत गोठायला रात्र पुरत नाही, लाईटचा भरोसा नाही, मग कॅरियर कशाला भरू मी?" त्यांचं चुकत नव्हतं. अर्धे पॅक ठेवले, अर्धे घेतले, आणि मुलाला बसस्टँडवरच्या रसवंतीवर पिटाळलं. लग्नसराई असल्यामुळे तिथे बर्फाच्या लाद्या पोत्यात बांधून ठेवलेल्याच असतात. तो दहा मिनिटांत दोन लाद्या मोटरसायकलवर घेऊन आला. त्या व्हरांड्यातच पाट्यावरच्या वरवंट्यानं फोडल्या.

३.३४ ला सुरुवात केली. ताडपत्री व्हरांड्यात पसरली, तो मधोमध, सहा जणांनी कडा कमरेएवढ्या उचलून धरल्या म्हणजे मधे खोळ झाली. त्यात बोअरचं पाणी, आइसपॅक, नंतर फोडलेला बर्फ. पाणी छातीपर्यंत. एक सिस्टर फक्त डोक्याशी, दोन्ही हातांनी जबडा आणि मान वर धरून, शेजारी सक्शन चालू. सलाईनची बाटली एका पोराच्या हातात उंच. मॉनिटर दाराच्या आत, वायर बाहेर, आकडा मला दिसेल असा. फळीवरचे लोक आळीपाळीनं ताडपत्री हलवत होते, पाणी ढवळत राहायला हवं, नाहीतर अंगालगतचं पाणी कोमट होऊन तिथेच थांबतं. ही गोष्ट छोटी वाटते पण यानं वेग बराच बदलतो.

नववं मिनिट, ४०.५. तेवढ्यात झटका आला. सगळं अंग ताठ, मग हिसके, दोघांच्या हातून ताडपत्री सुटली, पाणी सगळ्यांच्या पायावर. डोकं धरलेल्या सिस्टरनं मात्र हात सोडला नाही, म्हणून तो पाण्यात गेला नाही. मिडाझोलम शिरेतून, आधी अडीच, दोन मिनिटांनी परत अडीच मिलिग्रॅम, झटका थांबला. त्याचा दुसरा फायदा असा की हुडहुडी दबते, हुडहुडी भरली की शरीर स्वतःच परत उष्णता तयार करतं. ताडपत्री परत उचलली.

याच सुमारास म्हणजे पावणेचारला १०८ आली. गाडीवरचे डॉक्टर तरुण, चांगले, पण त्यांचं म्हणणं, "सर, रेफर आहे ना केस? मग निघू द्या ना, टाइम चाललाय." आणि बायको, जी इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती, ती पुढे आली, "डाक्टर साहेब, मानूस मरून रायला अन् तुमी आंघोळ घालून रायले का जी?" मागून ठेकेदाराचा माणूस, तो तर फोनवर कुणाशीतरी मोठ्यानं बोलत होता की इथे नेऊ देत नाहीयेत. अशा वेळी दहापैकी नऊ जण पेशंट गाडीत चढवतात, मी कुणाला दोष देत नाही, व्हरांड्यात पन्नास लोक जमले की डॉक्टर कितीही शहाणा असो, गाडीचं दार उघडं दिसलं की सुटका दिसते. मी मुलाला मॉनिटरपुढे नेऊन उभं केलं. म्हटलं हा आकडा बघ, तू आला तेव्हा ४१.९ होता, आता ४०.१ आहे, हा ३९ च्या खाली गेला की मी स्वतः गाडीत चढवतो, तोवर तू हाच बघत राहा आणि मोठ्यानं सांगत राहा. तो सांगायला लागला. चाळीस. एकोणचाळीस पॉइंट आठ. मग आई पण गप्प झाली आणि आकडा ऐकू लागली. १०८ चे डॉक्टर बूट काढून ताडपत्रीची कड धरायला आले, ते बरं केलं त्यांनी.

सतराव्या मिनिटाला ३९.३, विसाव्या मिनिटाला ३८.९. तिथे थांबलो. याच्या पुढे बुडवून ठेवायचं नाही, कारण बाहेर काढल्यावरही तापमान थोडं खाली जातंच, याचं नंतर ३८.१ पर्यंत गेलं. वीस मिनिटांत पावणेतीन अंश, म्हणजे मिनिटाला ०.१४ च्या जवळपास, ताडपत्रीच्या पद्धतीत साधारण एवढाच वेग मिळतो. टबात याहून जास्त मिळतो. नुसते मानेला, काखेत, जांघेत आइसपॅक ठेवून याच्या जवळपासही वेग येत नाही, तरी आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तेवढंच करतात आणि केलं म्हणून समाधान मानतात.

काय दिलं नाही तेही सांगतो, कारण व्हरांड्यात त्यावरही चर्चा झाली. पॅरासिटामॉल दिलं नाही. इन्फेक्शनच्या तापात मेंदूतला थर्मोस्टॅटच वर सरकलेला असतो, गोळी तो खाली आणते. उन्हाच्या तापात थर्मोस्टॅट जागेवरच असतो, शरीराला उष्णता बाहेर टाकता येत नाही एवढंच. गोळी काय करणार? वर लिव्हर आधीच भाजलेलं, त्यावर अजून ओझं. आणि वेदनाशामक गटातलं तापाचं इंजेक्शन तर नकोच, ते किडनीचं रक्त कमी करतं आणि प्लेटलेटचं काम बिघडवतं. बायकोनं कैरीचं पन्हं आणलं होतं डब्यात, चमच्यानं पाजायला बघत होती, तिला थांबवलं, शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घातलं की ते फुप्फुसात जायची भीती.

सलाईन पहिल्या अर्ध्या तासात एक लिटर, लेबर रूमच्या फ्रीजमधलं गार, नंतर अजून अर्धा लिटर हळू. जपूनच देतो, कारण थंड झालं की कातडीत पसरलेलं रक्त परत आत येतं आणि बीपी बरंचसं आपोआप सावरतं, तेवढ्यात आपण तीन-चार लिटर ओतलेलं असलं तर वयस्कर माणसाच्या छातीत पाणी. ४.२५ ला बीपी १०२/६४, पल्स १०८, हाक मारली की डोळे उघडतो, शब्द येतात पण जुळत नाहीत, जीसीएस १२. लघवीची नळी टाकली, १२० मिली आली, काळ्या चहाच्या रंगाची. पट्टीवर रक्त पॉझिटिव्ह, सूक्ष्मदर्शकाखाली रक्तपेशी जवळजवळ नाहीत. म्हणजे स्नायू फुटून त्यातलं मायोग्लोबिन उतरतंय, किडनी धोक्यात. ईसीजीत टी वेव्ह टोकदार नव्हत्या, तेवढं हायसं वाटलं, कारण फुटलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम चढलं की हृदय बंद पडायला वेळ लागत नाही.

४.३० ला गाडी निघाली. चिठ्ठीत सगळ्यात वर लिहिलं, आतलं तापमान कधी किती होतं, कधी किती झालं, कशानं केलं. नाहीतर पुढच्या डॉक्टरला ३८ चा पेशंट दिसतो आणि तो मेंदूज्वर शोधायला निघतो. लघवीचा रंग लिहिला, तासाला २०० मिलीच्या वर लघवी ठेवा असं लिहिलं, कमरेतल्या इंजेक्शनचं लिहिलं. गाडीत ओली चादर, एसी, आणि दर पंधरा मिनिटांनी तापमान, कारण वाटेत परत चढू शकतं. पावणेसातला पोचले, तापमान ३८.४.

पुढचं सगळं तिथल्या कागदांवरून आणि तिथल्या रेसिडेंटशी फोनवर बोलून. पहिल्या रात्री क्रिएटिनिन (किडनी किती चालते त्याचं माप) २.१, चौथ्या दिवशी ३.६ वर जाऊन उतरायला लागलं, लघवी होत राहिली, डायलिसिस लागलं नाही. सीपीके (स्नायू किती फुटले त्याचं माप) दुसऱ्या दिवशी २२ हजार. लिव्हरचे आकडे पहिल्या दिवशी फारसे वाईट नव्हते, तिसऱ्या दिवशी दोन हजारांच्या वर गेले. उष्माघातात लिव्हरचा मार असाच उशिरा दिसतो, म्हणून पहिल्या दिवशीचा चांगला रिपोर्ट बघून पेशंटला घरी सोडायची घाई करू नये. प्लेटलेट ५८ हजार, आयएनआर २.१, म्हणजे रक्त नीट गोठत नव्हतं. आणि तेव्हा ते कमरेतलं इंजेक्शन वर आलं. त्या जागी नारळाएवढी काळीनिळी गाठ, आत रक्त साठलेलं, सुई टोचली त्याच ठिकाणाहून स्नायूत रक्त झिरपत राहिलेलं. एफएफपी (रक्त गोठायला मदत करणारा प्लाझ्मा) द्यावे लागले. सगळ्यात जास्त तो रडला ते त्या गाठीच्या दुखण्यानं, बाकी काही त्याला आठवत नाही. उन्हानं तापलेल्या माणसाला स्नायूत सुई टोचायची नाही, कुठलीच, गावातल्या आपल्या मित्र डॉक्टरांना मी हे भेटेल तेव्हा सांगतो. त्यांच्याकडे पेशंट पहिल्यांदा जातो, आणि त्यांनी फक्त कपडे काढून बोअरचं पाणी ओतत पाठवलं तरी अर्धं काम झालं. याला तर फळीवरच, पडल्या जागी, पिण्याच्या पाण्याचा ड्रम ओतता आला असता. तिथे ड्रम होता, मी मुद्दाम विचारलं.

अकराव्या दिवशी घरी आला. जूनच्या शेवटी आमच्या ओपीडीत. लिव्हर, किडनी जवळपास जागेवर. पण चालताना पाय फाकवून, झोकांडी जाते, वळताना भिंत धरतो, बोलणं जड. हा सेरिबेलमचा मार आहे, मेंदूच्या मागच्या बाजूचा तोल सांभाळणारा भाग, उष्णतेला सगळ्यात नाजूक. काहींचं महिन्या-दोन महिन्यांत सुधारतं, काहींचं थोडं राहून जातं. यातून घरी वेगळंच झालं. गावात लोक म्हणायला लागले की एवढं होऊनही हा पिणं सोडत नाही, बघा कसा चालतो. दोन दुकानदारांनी उधारी बंद केली. मुलगा कागद मागायला आला, "डाक्टर साहेब, तुमी लिहून द्या जी का बाबा दारूनं नाई, उन्हानं असे चालते." दिलं लिहून, मराठीत, शिक्का मारून. असं सर्टिफिकेट फॉर्मात कुठे बसत नाही, पण दिलं.

बीपीची पाण्याची गोळी बंद केली, एटेनोलॉलही हळूहळू कमी करून काढली, अमलोडिपिनवर १३६/८४ राहतंय. एका पायावर उभं राहायचे, रेषेवरून चालायचे व्यायाम आमच्या फिजिओ ताईंनी शिकवले, त्या महिन्यातून दोनदाच येतात म्हणून मुलाच्या मोबाइलवर व्हिडिओ काढून दिला. पुढच्या हंगामात फळीवर दुपारचं काम नाही, हे मुकादमालाही फोन करून सांगितलं, एकदा उष्माघात झालेल्या माणसाला ऊन सोसण्याची ताकद बरेच महिने कमी असते. तो म्हणाला मोजणीवर, वहीच्या कामावर बसवतो, सावलीत. आणि कोल्ड वॉर्डात आता कूलरशेजारी एक ताडपत्री घडी करून ठेवलीय, मामांनी तिच्यावर मार्करनं लिहिलंय, "नेऊ नये". मॉनिटरचा प्रोब ड्रॉवरमधून काढून मॉनिटरलाच बांधलाय. रसवंतीवाल्याचा नंबर सिस्टरांच्या टेबलावरच्या काचेखाली आहे.